एका खेळाची कैफियत

दिवाळी अंकात संगणकावरच्या खेळाची बाजू घेऊन लिहिणे म्हणजे एकादशीच्या पंक्तीत कांदाभजी वाढण्यासारखे आहे. नाके मुरडली जाणार हे वाढप्याला आधीच ठाऊक असते. मलाही ते ठाऊक आहे. तरीसुद्धा मी वाढायला निघालो आहे. कारण या प्रकरणात आरोपीला तोंड उघडू न देताच शिक्षा सुनावण्याची चाल आपल्याकडे पडली आहे, आणि ती चाल मला मान्य नाही.

फिर्याद सर्वांना पाठ आहे. व्हिडिओ गेममुळे मुलांचे वाचन संपले, हे पहिले कलम. तयार चित्रे डोळ्यांपुढे नाचू लागल्याने त्यांची कल्पनाशक्ती मेली, हे दुसरे. राक्षस, जादू आणि खजिने यांत रमून ती वास्तवापासून पळू लागली, हे तिसरे. आणि या साऱ्यात वेळेचा जो नाश झाला त्याची तर मोजदादच नाही, हे चौथे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अध्यक्ष हेच सांगतात, परिसंवादातले वक्ते हेच सांगतात, आणि घरोघरी जेवणाच्या वेळी आजोबा, आई आणि बाबा आळीपाळीने हेच सांगत असतात. कलमे चार, पण शिक्षा एकच: जप्ती! फिर्यादी वयाने आणि मानाने मोठे आहेत. तरी त्यांना विनयाने एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याला आपण सुळावर चढवता आहात, त्याचे तोंड आपण कधी पाहिले आहे काय? कादंबरी न वाचता तिच्यावर टीका करणाऱ्या टीकाकाराला आपण हसतो. मग खेळ न खेळता त्याचा निकाल लावणाऱ्यापुढे आपण मान का तुकवतो?

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. मी सगळ्या खेळांचे वकीलपत्र घेतलेले नाही. खेळापायी झोप, अभ्यास आणि माणसे गमावून बसणारी मुले आहेत, हे मला दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनिवार नादाला विकार म्हणून स्थान दिले, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. हे सारे ठीकच झाले. पण गंमत अशी, की ज्या संसदेने जुगाराला बंदी केली, तिनेच त्याच कायद्यात शैक्षणिक आणि सामाजिक खेळांना निराळे काढून त्यांना उत्तेजन द्यायचे ठरवले. कायदा करणाऱ्यांना जो भेद कळला, तो आमच्या घराघरांतल्या न्यायाधीशांना कळू नये? सुक्याबरोबर ओलेही जाळायचे, ही कुठली रीत?

म्हणून मी एकाच आरोपीची कैफियत मांडतो. त्याचे नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. पुरे नाव ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’. जन्म अमेरिकेतला, १९७५-७६ सालचा. संगणकावर ज्या खेळांना आज साहसखेळ म्हणतात, त्या साऱ्या कुळाला नाव मिळाले ते याच्यावरून. तेव्हा या कुळाचा मूळपुरुषच मी पिंजऱ्यात उभा करतो आहे.

त्याचा जनक विल क्राउदर. मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तो प्रोग्रॅमर होता. आजच्या इंटरनेटची पूर्वज जी आर्पानेट, तिची उभारणी करणाऱ्या तुकडीत त्याने काम केले होते. पण या माणसाचे दुसरे वेड जमिनीच्या पोटात होते. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे. जगातल्या ज्ञात गुहांत सर्वांत लांब. तिच्या मोजलेल्या वाटांची लांबी आज साडेसहाशे किलोमीटरांच्या वर गेली आहे. क्राउदर आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघेही या गुहांतून रांगत, सरपटत हिंडणारे. दोघे मोजमापे घेत आणि संगणकावर त्यांचे नकाशे तयार करीत. सप्टेंबर १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून एकमेकींना मिळतात, हे ज्या तुकडीने प्रत्यक्ष जाऊन सिद्ध केले, तिच्यात पॅट्रिशिया होती.

पुढे हा संसार मोडला. क्राउदरचे गुहांत जाणेही थांबले. दोन लहान मुली बापापासून दुरावल्या. त्या भेटायला येतील तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी असावे, म्हणून या माणसाने आपली गुहा संगणकात बांधली. दगड तर तिथे नेता येत नाहीत. त्याने ती शब्दांनी बांधली. रस्त्याच्या टोकाला विटांचे लहानसे घर, जवळून वाहणारा ओढा, ओढ्याच्या काठाने गेले की जमिनीत बसवलेली लोखंडी जाळी, जाळीखाली अंधार. त्या अंधारात त्याने आपल्या ओळखीच्या वाटा जशाच्या तशा ठेवल्या. डेनिस जर्झ या अभ्यासकाने क्राउदरचा मूळ प्रोग्रॅम शोधून काढला, प्रत्यक्ष गुहेत उतरून तो ताडून पाहिला, आणि खेळातल्या कितीतरी जागा खऱ्या गुहेच्या बेडक्विल्ट नावाच्या भागाशी जुळतात, हे २००७ साली दाखवून दिले. खऱ्या वाटांवर क्राउदरने कुऱ्हाड फेकणारे बुटके, एक जादूचा मंत्र आणि थोडेसे धन पेरले. ज्यांना संगणकाची भीती वाटते त्यांनाही खेळता यावे, म्हणून साध्या बोलण्यातले शब्द यंत्राला कळतील अशी त्याने व्यवस्था केली.

हा प्रोग्रॅम स्टॅनफर्डमधल्या डॉन वूड्स या विद्यार्थ्याच्या हाती लागला. त्यात भर घालावी असे त्याला वाटले. पण क्राउदर आहे कुठे हे ठाऊक नव्हते. म्हणून त्याने त्या वेळी जाळ्यात असलेल्या प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले! उत्तर आले, परवानगी मिळाली, आणि १९७७ साली वूड्सने ड्रॅगन, पूल अडवणारा राक्षस, खजिना पळवणारा चाचा आणि आणखी पुष्कळ धन घालून साडेतीनशे गुणांचा खेळ पुरा केला. १९८१ साली आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा त्याच्यासाठीही मायक्रोसॉफ्टने काढलेली या खेळाची आवृत्ती होती. त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन रोबर्टा आणि केन विल्यम्स या जोडप्याने १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ हा चित्रांचा साहसखेळ केला, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला.

हा झाला आरोपीचा पूर्वेतिहास. आता तो खेळायचा कसा, ते सांगतो. पडद्यावर चार ओळी उमटतात: तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, इकडे वाट जाते, तिकडे ओढा आहे. खाली तुम्ही एकदोन इंग्रजी शब्द टंकायचे: दिवा घे, दार उघड, उत्तरेला जा. यंत्र शब्दाची पहिली पाच अक्षरे पाहते, आज्ञा कळली तर पाळते, आणि मग पुढच्या चार ओळी. बस्स. चित्र नाही, संगीत नाही, बंदूक नाही. आरंभापासून अखेरपर्यंत नुसते वाचायचे आणि लिहायचे.

येथेच पहिले कलम कोसळते. वाचन संपवणारा म्हणून ज्याला धरून आणले, त्याच्या अंगात वाचनाखेरीज दुसरे काही नाही! आणि हे वाचन कसले? पाने उलटीत, निम्मे लक्ष खिडकीबाहेर ठेवून करायचे नव्हे. खोलीच्या वर्णनात एखाद्या भिंतीचा, एखाद्या फटीचा उल्लेख आला, की तो जपून वाचावा लागतो, कारण पुढची वाट त्याच एका शब्दात दडलेली असते. एका चक्रव्यूहात सगळ्या जागांचे वर्णन तंतोतंत सारखे आहे. दुसऱ्यात वर्णने निराळी भासतात, पण शब्द तेच, फक्त त्यांचा क्रम थोडा बदललेला. तो फरक ज्याच्या लक्षात येईल तो बाहेर पडेल. शाळेत दहा वर्षे व्याकरण शिकवूनही शब्दांच्या क्रमाला अर्थ असतो हे मुलांच्या मनावर ठसत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार. या खेळात ते न सांगता ठसते. कारण क्रम चुकला तर गुण कापले जात नाहीत, माणूस अंधारात हरवतो.

दुसरे कलम कल्पनाशक्तीच्या खुनाचे. तयार चित्रांनी कल्पना आळसावते, हे मला काही अंशी मान्य आहे. पण मग या खेळाचे काय? येथे चित्र नाही म्हणूनच तर मी त्याच्यावर लुब्ध झालो. ज्या भव्य दालनात तो मला नेऊन सोडतो, त्याचे छत मी चढवले आहे. धुक्याने भरलेल्या दालनातले धुके माझे आहे. त्या गुहेचा नकाशा मी एका चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढला. खोडून खोडून कागद पातळ झाला, आणि अखेर जेव्हा दोन टोकांच्या वाटा एकमेकींना मिळाल्या, तेव्हा झालेला आनंद मला एखादी चांगली कादंबरी संपवल्यानंतरच्या आनंदाहून कमी प्रतीचा वाटला नाही. सारख्या दिसणाऱ्या त्या चक्रव्यूहात तर युक्ती अशी, की जवळची एकेक वस्तू एकेका जागी टाकत जायचे, म्हणजे ती जागा ओळखू येते. हे कुणी शिकवत नाही. ते सुचावे लागते. आणि जे सुचावे लागते, त्यालाच तर आपण प्रतिभेचे पहिले पाऊल म्हणतो.

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात. दगड, माती, जुनी पोती, वर पेरलेले अळीव. वीतभर उंचीचा तो गड. त्याच्या भुयारात बोटही शिरत नाही, पण मुलाला विचारा, तो सांगेल की भुयार थेट तळापर्यंत जाते. आपण कौतुकाने मान डोलावतो. त्या किल्ल्याला कुणी पलायन म्हणत नाही, वेळेचा नाश म्हणत नाही. वर्तमानपत्रांतून त्यांच्या स्पर्धा होतात. आता मला सांगा, मुलांनी मातीने बांधलेला गड आणि एका बापाने आपल्या मुलींसाठी शब्दांनी बांधलेली गुहा, यांत तत्त्वाचा फरक कोणता? एक अंगणात आहे आणि एक यंत्रात, एवढाच ना? मग आपला राग यंत्रावर आहे. खेळाचे नाव उगाच पुढे केले जाते. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे?

तिसरे कलम साहित्यिकांचे आवडते आहे. राक्षस, जादू, खजिना म्हणजे बालिशपणा, आणि प्रौढ मनाने वास्तवाशी सामना करावा, असा हा उपदेश. मराठीत १८६१ साली ‘मुक्तामाला’ आली तेव्हापासून अद्भुताच्या वाट्याला आमच्या टीकाशास्त्रात पाहुण्याचा पाट आलेला आहे: बसू द्यायचे, पण मानाचे नव्हे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो मुलांसाठी म्हणून चालला. जणू मोठ्या माणसांना अंधाराची, खोलीची, अनोळखी वाटेची भूकच नसते!

पण या खेळातले अद्भुत शिकवते काय, ते पाहा. गुहेच्या एका दालनात एक भयंकर हिरवा साप वाट अडवून बसलेला आहे. तिथे मी दोन दिवस अडलो होतो. कुऱ्हाडीचा उपयोग नाही, मंत्राचा उपयोग नाही. त्याला हुसकावतो कोण? तर वरच्या एका खोलीत गाणारा चिमुकला पक्षी! तो पक्षी धरायला पिंजरा हवा. पण पिंजरा घेऊन गेलात तरी तो जवळ येत नाही, कारण तुमच्या हातात काळी काठी असते आणि तिला तो भितो. काठी खाली ठेवायची, मग पक्षी हाती येतो. दंडुका हातात ठेवून प्रेमाने बोलावले तर कुणी जवळ येत नाही, हे वास्तव नव्हे काय? ज्या घरात छडी दाखवून वाचनाची गोडी लावतात, त्या घराला याहून नेमका टोमणा कुणा वास्तववादी कादंबरीकाराने मारला आहे?

सोन्याच्या साखळीने बांधलेले एक भुकेले अस्वल आहे. त्याला मारून साखळी घेण्याचा मोह होतो. पण त्याला खायला घातले, की ते निवते, आणि सोडवले की कुत्र्यासारखे मागोमाग येते. खायला घालायचे कोठून? खेळाच्या अगदी आरंभी त्या विटांच्या घरात थोडे अन्न ठेवलेले असते. ते आपणच खाऊन टाकले असेल, तर अस्वलाला द्यायला काही उरत नाही. तिसरा प्रसंग ड्रॅगनचा. त्याला मार म्हटले की यंत्र उपहासाने विचारते, कशाने, नुसत्या हातांनी? हा प्रश्न टोमणा समजून बहुतेक जण मागे फिरतात. पण तो टोमणा नाही, प्रश्न आहे. ‘हो’ म्हणा, आणि ड्रॅगन खरोखरच मरून पडतो! आयुष्यात असे किती प्रश्न आपण टोमणे समजून सोडून दिले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अद्भुत वास्तवापासून पळते असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की पळणारा माणूस अंधाऱ्या गुहेत शिरत नसतो. तो उजेडात गर्दी पाहून बसतो.

राहता राहिले चौथे कलम, वेळेचे. येथे मी बचाव करीत नाही. उलट फिर्याद करतो. या खेळात वेळ ही सर्वांत कडक गोष्ट आहे. हातातल्या दिव्याची बॅटरी मोजकी चालते. प्रत्येक पावलाला ती झिजते. दिवा मंदावू लागला की खेळ एकदा बजावतो; आणि विझल्यावर अंधारात चालत राहिलात तर खड्ड्यात पडून मान मोडण्याची पाळी येते. तेव्हा खेळणाऱ्याला आखणी करावी लागते: कुठली वाट आज, कुठली उद्या, कुठल्या मोहाला पाठ दाखवायची. एका चक्रव्यूहात एक यंत्र ठेवले आहे. त्यात नाणी टाकली की नवी बॅटरी मिळते. पण ती नाणी म्हणजे गुहेत सापडलेल्या खजिन्यापैकीच एक. उजेड विकत घेतलात तर तेवढे धन गेले, गुण कमी झाले, आणि पुरे साडेतीनशे पुन्हा मिळणे नाही. वाढीव वेळेची किंमत मोजावी लागते आणि ती आपल्याच मिळकतीतून जाते, हे माझ्या वाचनातल्या कुठल्याही सुभाषितापेक्षा मला या बॅटरीने अधिक लख्ख समजावले. आणि सगळे धन हाती आले की गुहा बंद होणार असल्याची सूचना मिळते, एक अखेरचे कोडे उरते, आणि खेळ संपतो. होय, संपतो! बनवणाऱ्यानेच त्याला शेवट दिला आहे.

आता आजच्या बाजाराकडे वळा. मुलाच्या हातातल्या मोबाइलवर फुकट म्हणून येणारे कितीतरी खेळ मुद्दाम असे रचलेले असतात, की त्यांना शेवटच नसतो. ते दिवा जाणूनबुजून विझवतात आणि मग बापाच्या खात्यातून खऱ्या पैशांनी बॅटरी विकतात. क्राउदरने मुलींना दिलेली गुहा आणि दुकानदाराने ग्राहकासाठी खणलेला खड्डा, या दोहोंना आपण ‘गेम’ या एकाच शब्दाने हाक मारतो, आणि मग एकाच दोरीने फाशी देतो. यात सुटतो तो दुकानदार. कारण ‘सगळेच खेळ वाईट’ असे म्हटले, की वाईटातला वाईट कोणता याची चौकशी करायचे कुणाला कारणच उरत नाही. सरसकट निंदा करणारा आजोबा आणि सरसकट विकणारा व्यापारी हे एकमेकांचे वैरी दिसतात. पण निवड करण्याची मुलाची शक्ती दोघेही सारखीच मारतात.

म्हणून जप्तीऐवजी मी घरच्या न्यायालयाला तीन प्रश्न सुचवतो. मुलाच्या हातात खेळ दिसला की विचारावे: याला शेवट आहे काय? हा डोक्याला काही काम देतो, की फक्त बोटांना? आणि उजेड संपला की हा बॅटरी कुणाच्या खिशातून मागतो? तिन्ही उत्तरे नीट आली तर दम देण्याऐवजी शेजारी बसावे. ‘अ‍ॅडव्हेंचर’चे माझ्या लेखी खरे मोठेपण येथेच आहे. हा खेळ शेजारी बसून खेळण्यासाठी जन्मला. एकाने टंकावे, दुसऱ्याने नकाशा काढावा, तिसऱ्याने ‘अरे, काठी खाली ठेव’ म्हणून ओरडावे. दूर गेलेल्या मुलींशी एका बापाला जे प्रत्यक्ष बोलता येत नव्हते, ते त्याने या मार्गाने सांगितले: मी जिथे हिंडलो ती जागा ही अशी होती. आपल्या तरुणपणीच्या वाटा मुलांना दाखवण्याची इच्छा प्रत्येक आईबापाला असते. बहुतेकांची ती ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या एका वाक्यात आटोपते.

दुसऱ्या बाजूचेही काही सज्जन मला हसतात. ते आजच्या झगमगीत खेळांचे भक्त. चित्राशिवायचा खेळ म्हणजे मिठाशिवायची आमटी, असे त्यांचे मत. त्यांच्यासाठी विल्यम्स दांपत्याने २०२३ साली हीच गुहा चित्रांनी नटवून नवी काढली आहे. त्यांनी ती खुशाल पाहावी. माझे त्यांच्याशी भांडण नाही. चित्राला माझा विरोध नाहीच. माझे म्हणणे एवढेच, की पन्नास वर्षांपूर्वीच्या या गुहेत जो काळोख आहे, तो रंगवता येत नाही. तो वाचावाच लागतो.

आणि शेवटचे दोन शब्द आमच्या लेखकबंधूंना. परंपरा मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप कवड्यांच्या खेळात मांडून लेकरांना परमार्थ सांगावा, यात त्या परंपरेला कमीपणा वाटला नाही. मग आजच्या मराठी लेखकाला यंत्रावरच्या खेळाशी बोलण्यात कमीपणा का वाटावा? मोक्षपटात तर दान पडेल तसे चालायचे. येथे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे आहे, म्हणजे लेखकाला संधी अधिक मोठी. हे काम एकट्या माणसाला करता येते. क्राउदरने ते केले. या खेळाचा प्रोग्रॅम मूळ दोघा कर्त्यांच्या संमतीने २०१७ पासून सर्वांना खुला आहे. पाहायला, शिकायला, बदलायला कुणाची आडकाठी नाही. ‘दिवा घे’ असे मराठीत म्हटलेले ज्याला समजेल, असा खेळ मला अजून खेळायला मिळालेला नाही. कर्म आधी आणि क्रियापद मागून, अशी आपल्या भाषेची चाल आहे. यंत्राला तीही शिकवता येईल. ‘तिळा तिळा दार उघड’ म्हटल्यावर दार उघडते, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. दाराच्या आत काय आहे, ते मात्र कुणीतरी लिहायला हवे. ते न लिहिता, मुले इंग्रजी खेळात रमतात म्हणून गळा काढणे हा अप्रामाणिकपणा आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

माझी कैफियत संपली. ज्यांना ती पटणार नाही, त्यांनी सुट्टीतली एक संध्याकाळ काढून, घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून, वही आणि पेन्सिल घेऊन त्या गुहेत उतरावे, आणि मग माझ्याशी भांडायला यावे. फक्त एक खूण सांगून ठेवतो, नाहीतर साडेतीनशेतला शेवटचा एक गुण राहून जातो आणि भले भले डोके आपटून घेतात. सारा खजिना घरी आणला, सगळी कोडी सोडवली, तरी तो एक गुण मिळत नाही. तो मिळतो गुहेतल्या एका आडबाजूच्या, बाहेर पडायला अवघड अशा कोपऱ्यात एक वस्तू नेऊन ठेवल्यावर. ती वस्तू सोने नव्हे, हिरा नव्हे. ती आहे एका नियतकालिकाचा अंक! हा अंक हातात धरून बसलेल्या वाचकांनी तरी त्या खेळाला साहित्याचा वैरी म्हणू नये.